नॉट रब्बी, ओन्ली एझ्रा

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी एझ्राकाकांना स्ट्रेचरवर बांधलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला आणि त्यांच्यातला एक दांडगा पोरगा काकांच्या कानाशी वाकून म्हणाला, "रब्बी, माझ्याकडे बघत राहा. डोळे मिटू नका." काकांच्या छातीत कळ येत होती, ओठ निळे पडले होते. त्या अवस्थेत त्यांनी एक हात सोडवून घेतला, मास्क बाजूला केला, तर्जनी वर केली आणि म्हणाले, "नॉट रब्बी. ओन्ली एझ्रा." मग मास्क स्वतःच परत लावला. मी शेजारी उभी राहून रडत होते, आणि मला फिसकन हसू आलं. अशा वेळी हसायला लावणाऱ्या माणसाचा राग येतो, तसा मला त्यांचा आला.

त्या दुखण्यातून ते उठले. रब्बी म्हणणाऱ्या इतक्यांना दुरुस्त करायचं राहिलेलं असताना यमाने तरी त्यांना कसं नेलं असतं?

एझ्रा मापगावकर आमचे शेजारी. आम्ही अमेरिकेत, कॅरीत हे घर घेतलं तेव्हा शेजारच्या टपालपेटीवर 'एझ्रा' एवढंच दिसत होतं, बाकीची अक्षरं उन्हाने उडालेली. कुणी अमेरिकन म्हातारा असेल म्हणून मी लांबूनच हात हलवायचे. एका सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "मेले, परत आलीस? तुझ्या बापाचं आहे का?" मी तुळशीला पाणी घालत होते, हातातलं भांडंच पडलं. पलीकडे पांढरी टोपी घातलेला एक उंच, वाळका माणूस पक्ष्यांच्या दाण्यावर डल्ला मारणाऱ्या खारीशी शुद्ध मराठीत भांडत होता. मी "काका!" म्हणून हाक मारली. खारीला सोडून ते वळले आणि जणू रोजचीच ओळख असल्यासारखे म्हणाले, "बघा ना, लाज म्हणून नाही हिला."

काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. गाव अलिबागजवळचं. आधी मुंबईत एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, मग इथे येऊन जवळच्या राले शहरातल्या ऑफिसांमधल्या लिफ्ट दुरुस्त करत रिटायर झाले. बायको गेली; मुलगा आणि सून चार रस्ते पलीकडे राहतात, दोघंही फार्मा कंपनीत. त्यांची नओमी मात्र शाळेपासून आजोबांकडेच जास्त. ती माझ्याही स्वयंपाकघरात वाढली, म्हणून मी तिची शुभामावशी.

त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, एका शॉपिंग सेंटरमध्ये आहे. एका बाजूला नेल सलून, दुसऱ्या बाजूला टॅक्सचं ऑफिस. चाळीसेक कुटुंबं असतील, पण त्यांत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, किती, हे विचारू नका. एक पगारी रब्बी, एक रिटायर झालेले रब्बी, एक हॉस्पिटलमध्ये पेशंटना धीर देणाऱ्या रब्बी, एक मुलांना गिटारवर गाणी शिकवणारा रब्बी, एक लोणच्याच्या कारखान्यात जाऊन सगळं धर्माप्रमाणे चाललंय ना हे तपासणारा रब्बी, एक परीक्षा पास होऊन इन्शुरन्स विकणारा रब्बी, आणि एक असे, की ते रब्बी का आहेत हे त्यांच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही. पार्किंगमध्ये 'रब्बींसाठी राखीव' अशी पाटी लावलेली एकच जागा आहे. तिच्यावरून झालेली भांडणं मी स्वतः पाहिली आहेत. आमचे हे, म्हणजे रवींद्र, म्हणायचे, "कॅरीत यंदा रब्बीचं पीक जोरात आहे."

आम्ही तरी कोण हसणारे? आमच्या महाराष्ट्र मंडळात जो भेटेल तो डॉक्टर. सत्यनारायण सांगणारा गुरुजी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतो. अध्यक्ष झालेला माणूस पद सुटलं तरी मरेपर्यंत माजी अध्यक्ष राहतो. हुद्दा मिळाला की तो अंगाला चिकटतो, आणि इथे परदेशात, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे जरा जास्तच.

काका चालत जायचे. शुक्रवारी संध्याकाळपासून त्यांचा विश्रांतीचा शनिवार लागतो; त्यात गाडीला हात लावायचा नाही हा काकांचा नियम, त्यामुळे पार्किंगच्या भांडणात ते कधी पडले नाहीत. पण प्रार्थना म्हणायला उभे तेच राहायचे, कारण त्यांच्या गळ्यात सूर होता आणि सगळं तोंडपाठ होतं. म्हणून लोक त्यांना रब्बी म्हणायचे. ते दर वेळी तर्जनी वर करून सांगायचे, "नॉट रब्बी. ओन्ली एझ्रा." पिझ्झा घेऊन आलेल्या पोरालाही त्यांनी एकदा हेच सांगितलं होतं. तो बिचारा घाबरून म्हणाला होता की ऑर्डर एझ्रा याच नावाची आहे.

हा हट्ट मला आधी विनयाचा वाटला. पण विनय त्यांच्यात नावालाही नव्हता. बुद्धिबळात हरले तर पट उधळून उठायचे, आणि माझ्या आमटीत मीठ कमी आहे हे चार पाहुण्यांसमोर सांगायचे. मग मी एकदा सरळच विचारलं, "अहो, म्हणू देत की लोकांना. तुमचं काय जातं?"

 ते म्हणाले, "शुभा, आमचं तारू नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, असं आमचे लोक सांगतात. दोन हजार वर्षं झाली. सात जोडपी वाचली. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. प्रार्थनेची एक ओळ तेवढी लक्षात राहिली. तेलाचा घाणा घातला आणि शनिवारी तो बंद ठेवला. गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. फार पुढे कोचीनहून, बगदादहून शिकवणारे आले. पण त्याआधी शेकडो वर्षं आमच्यात एक रब्बी नव्हता. एक! आणि इथे एका पार्किंगमध्ये सात. मी स्वतःला रब्बी म्हणवलं, तर त्या सगळ्या तेल्यांना मी कमी लेखल्यासारखं होईल. त्यांनी रब्बीशिवाय निभावलं, हीच तर आमची मिरास आहे."

मी घरी आले आणि देवासमोर नुसती बसून राहिले. आमच्या माहेरी पोथ्यांची कपाटं, दारात उपाध्ये, आणि मला एकादशी कधी आहे हे फोनने सांगावं लागतं. या लोकांकडे एक ओळ होती आणि बंद ठेवलेला घाणा. तेवढ्यावर ते दोन हजार वर्षं कसे राहिले, याचा विचार मी अजूनही करते. 

नओमीचं लग्न ठरलं ते इथनशी. मुलगा गोड, दूर बेलव्ह्यूला नोकरी, मराठीत फक्त 'बस' आणि 'अजून वाढा' येतं. पण घर पर्लस्टाइनांचं. आजोबा रब्बी, आई रब्बी, काका रब्बी, दोन आत्या रब्बी, चुलतभाऊ नुकताच रब्बी झालेला. सहा जण मोजून. इथनची आई पहिल्यांदा कॅरीत आली ती शनिवारी, आणि सरळ सिनेगॉगमध्ये. समोर काका प्रार्थना म्हणत होते आणि सगळे त्यांना रब्बी म्हणत होते. तिने डोळे पुसले आणि घरी फोन करून सांगितलं, "मुलीचे आजोबाही रब्बी आहेत. भारतातले." काका तेव्हा पाणी प्यायला आत गेले होते, नाहीतर तिथेच तर्जनी वर गेली असती.

नओमीने तो गैरसमज तसाच राहू दिला. तिला कारण होतं. इथनच्या काकांनी त्यांच्या घरातल्या आधीच्या एका सुनेला सहा महिने खेळवलं होतं: आई कोण, आजी कोण, लग्न कुठल्या रब्बीने लावलं, ती खरी ज्यू असल्याची खात्री काय. नओमीबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, कारण आजोबा रब्बी, म्हणजे प्रश्नच मिटला.

लग्न रविवारी. पाहुणे बुधवारपासून येणार. मंगळवारी नओमी माझ्या स्वयंपाकघरात आजोबांना घेऊन बसली.

"आजोबा, प्लीज. फक्त पाच दिवस. कुणी रब्बी म्हटलं तर करेक्ट करू नका. यू डोन्ट हॅव टू लाय. जस्ट गप्प राहा."

"का?"

"कारण मग ते विचारणार. आणि मला नाही उत्तरं द्यायची. सेगुलाआजीसारखं माझं नको व्हायला."

 सेगुला काकांची थोरली बहीण. बावीस वर्षांची असताना ती इस्राएलला गेली. तिथे आपल्याकडच्याच, पेणच्या एका मुलाशी तिचं जमलं, तारीखही ठरली. तिथल्या एका रब्बीने विचारलं, तुझ्या आईचं लग्न कुठल्या रब्बीने लावलं? आजीचं? पणजीचं? नावं तिला सगळी येत होती, रब्बी एकही नव्हता. मग तो म्हणाला, आधी पाण्यात डुबकी घेऊन शुद्ध हो, मग लग्न लावतो. सेगुलाबाई म्हणाल्या, "मी अशुद्ध झाले कधी?" आणि बोटीने परत अलिबागला आल्या. पुढे तिथले दरवाजे उघडले, कायदे सुधारले, पण तोवर मुलाने दुसरीकडे लग्न केलं होतं. बाई जन्मभर शाळेत शिकवत राहिल्या, एकट्या.

"बरं," काका नातीला म्हणाले. "नाही बोलणार."

मला त्यांच्यावर नजर ठेवायचं काम मिळालं. अवघड जाईल असं वाटलं होतं. अवघड गेलं ते दुसऱ्याच कारणाने. बुधवारी इथनच्या काकांनी एअरपोर्टवर "रब्बी मापगावकर!" म्हणून मिठी मारली. एझ्राकाकांची तर्जनी उठली, नओमीकडे बघून खाली गेली, आणि मूठ मिटली. गुरुवारपर्यंत त्यांना शंभर वेळा तरी रब्बी म्हटलं गेलं असेल. दर वेळी ते थोडे वाकल्यासारखे दिसायचे. सकाळी खार आली, दाणे खाऊन गेली, आणि काका ओट्यावर बसून नुसते बघत राहिले. मी नओमीला हळूच म्हटलं, "अगं, खारीला सुद्धा काही बोलले नाहीत." ती खिडकीतून आजोबांकडे बघत उभी राहिली. मग तोंड धुवायला आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही.

गुरुवारी संध्याकाळी काकांच्या घरी मलिदा होता. लग्नाआधी बेने इस्राएल लोक एलियाहू हन्नाबी, म्हणजे त्यांचे संदेष्टे एलिजा, यांच्या नावाने ताट भरतात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाबाचं फूल. सगळं खोबरं मीच खवलं होतं. नओमी मेंदीचे हात वर धरून सोफ्यावर बसली होती, हातात हिरव्या बांगड्या. काकांनी डोक्यावर टोपी ठीक केली आणि प्रार्थना म्हटली. शब्द हिब्रू, चाल मात्र अशी, की मला आमच्या गावच्या देवळातली पहाट आठवली. पर्लस्टाइन मंडळी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. थोरले पर्लस्टाइन, म्हणजे इथनचे आजोबा, नव्वदीचे, कानाने अधू, पण पोह्यांवर तिसऱ्यांदा हात मारत होते.

खाऊन झाल्यावर त्यांनी काठीवर हनुवटी टेकली आणि मोठ्याने विचारलं, "रब्बी मापगावकर, मला सांगा, तुमचे गुरू कोण? तुम्हाला ही पदवी कुणी दिली?"

मी लगेच उठले. "पोहे घ्या ना अजून!" म्हटलं. कुणी बघितलंही नाही. एझ्राकाका नातीकडे बघत होते. त्यांनी मराठीत विचारलं, "नओमी, काय करू?"

ती इथनकडे वळली नाही, त्याच्या काकांकडेही नाही. मेंदीचे हात तसेच वर धरून म्हणाली, "सांगा आजोबा. मला तुम्ही असे नाही बघवत."

तर्जनी वर गेली. "नॉट रब्बी," काका म्हणाले. "ओन्ली एझ्रा. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. माझे वडील सुतार, आजोबा तेली. माझ्या घराण्यात कुणीही, कधीही रब्बी नव्हता. माझ्या आईचं लग्न कुठल्या रब्बीने लावलं नाही, आजीचं नाही, त्याआधीच्या कुणाचंच नाही. तुम्ही माझ्या नातीला विचारायच्या आधी मीच सांगतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं: फुटलेलं तारू, सात जोडपी, एक ओळ, शनिवारचा घाणा. त्यांचं इंग्रजी मोडकं आहे, पण त्या दिवशी कुणाला ते मोडकं वाटलं असेल असं मला नाही वाटत.

इथनच्या काकांचा चेहरा पडला होता. माणूस वाईट नव्हता, मऊ आवाजात म्हणाला, "फार सुंदर आहे हे. पण नियम म्हणून, केवळ खात्रीसाठी... उद्या एक छोटीशी डुबकी घेऊ या का मुलीची? पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही."

नओमीच्या बांगड्या वाजल्या. तिने हात खाली घेतले आणि ओली मेंदी तिच्या पांढऱ्या ड्रेसला लागली. इथन उठून तिच्याजवळ जाऊन बसला.  एझ्राकाकांचा चेहरा मला बघवेना. साठ वर्षांपूर्वीचा तो शब्द समुद्र ओलांडून कॅरीत त्यांच्या स्वतःच्या दिवाणखान्यात आला होता, आणि त्याला दार त्यांनीच उघडलं होतं. मला मनातून त्या पाहुण्याला खोबऱ्याच्या वाटीने मारावंसं वाटत होतं.

थोरल्यांनी काठी जमिनीवर आपटली. "शनिवारी घाणा बंद करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आजीने," काका म्हणाले. "शुक्रवारी ऊन उतरलं की ती घाण्यावर जुन्या कापडाचा धडपा टाकायची. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं."

"का टाकायचा, हे माहीत होतं?"

"नाही. आपण टाकतो, एवढंच माहीत होतं."

म्हातारे आपल्या मुलाकडे वळले. "ऐकलंस? आपल्या घरात सहा रब्बी आहेत. सणाच्या आठवड्यात भात खावा की नाही, यावर मी आणि तुझी बहीण तेरा वर्षं भांडतोय. यांच्या गावात दोन रब्बी असते, तर यांचा घाणा शनिवारी एकाने बंद केला असता आणि दुसऱ्याने चालू! यांच्याकडे एकही नव्हता, आणि हे अजून आहेत. मला तर वाटतं, नव्हता म्हणूनच आहेत." खोलीत कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "आणि डुबकी कसली मागतोस? यांची माणसं एकदा बुडून वर आली आहेत. ती डुबकी पुरेशी आहे. या घराण्यातल्या कुठल्याही मुलीला पुन्हा कुणी पाण्यात घालायचं नाही."

एझ्राकाकांनी खिशातला रुमाल काढला आणि तोंडावर धरला. मी त्यांना बायकोच्या मातीलाही रडताना पाहिलं नव्हतं. रुमालाआडून ते एकच शब्द म्हणाले, आणि तो तिथे फक्त घरच्यांना आणि मला कळला. "सेगुला."

रविवारी लग्न झालं. बेने इस्राएल लोकांत नवरी मांडवाकडे येताना नवरा तिच्यासाठी गातो. इथन तीन महिने एझ्राकाकांकडे फोनवर शिकत होता, तरी इतका बेसूर गायला की नेल सलूनवाली सुद्धा, जी आमंत्रित होती, खाली मान घालून हसत होती. नओमी मात्र त्याच्याकडे बघत सरळ चालत आली. कुणीतरी मागून ओरडलं, "रब्बी, तुमच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत!" आणि दोन्हीकडचे मिळून तेरा जण वळले.

शेवटी सात आशीर्वाद असतात. सात मानकऱ्यांना एकेक करून बोलावतात आणि प्रत्येक जण एक आशीर्वाद म्हणतो. सगळ्यात मोठा आणि आनंदाचा तो सातवा. थोरले पर्लस्टाइन काठी टेकून उभे राहिले आणि नावं पुकारू लागले. रब्बी अमुक. रब्बी तमुक. इथनची आई गेली, आत्या गेल्या, चुलतभाऊ गेला. मऊ आवाजाचे काका गेले तेव्हा नओमीकडे बघून त्यांचा आवाज जरा अडखळला. सहावा आशीर्वाद थोरल्यांनी स्वतः म्हटला. मग त्यांनी श्वास घेतला आणि एवढ्या मोठ्याने पुकारलं, की मागचं सगळं कुजबुजणं थांबलं.

"मिस्टर एझ्रा मापगावकर!"

आणि इतका वेळ कुणासाठीही न उठलेला हॉल उठून उभा राहिला. सगळे रब्बी उभे राहिले, आमचं अर्धं महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, आणि मीही उभी राहिले. काका पांढऱ्या टोपीत, ताठ, रांगेतून पुढे निघाले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. सवयीने तर्जनी वर गेली, आणि अर्ध्यावरच थांबली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग थोरल्यांकडे, आणि हात खाली घेतला. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.